आंतोनिओ म्हणजे काय गं?

‘नावात अंत कशाला गं?’

आईचा पहिला प्रश्न हाच होता. मी इथे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात, आई तिकडे वसईला. माझी रात्र, तिची सकाळ. लेकीला मुलगा झाल्याची बातमी तिला दोन दिवसांपूर्वीच कळली होती आणि तेव्हापासून स्वारी भलतीच खुशीत होती. पणतू झाला की पणजीवर सोन्याची फुलं उधळतात, ती आता माझ्यावर कोण उधळणार, हेही विचारून झालं होतं. मग मी नाव सांगितलं. आंतोनिओ.

व्हिडिओ कॉलवर आई क्षणभर गप्प झाली. मला वाटलं, नेटवर्क गेलं. तेवढ्यात ‘अंत’वाला प्रश्न आला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : ‘बरं, अर्थ काय त्याचा?’

आता या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? आपल्याकडे बाळाचं नाव ठरवताना अर्थ आधी बघतात. माझ्या भाचेसुनेनं तर मुलीच्या नावासाठी वहीच केली होती, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला अर्थ. इथे मात्र जावयाच्या घरी कुणीच अर्थाचा विचार केलेला नव्हता. जावई मेक्सिकन वंशाचा. घराणं चार पिढ्या याच गावातलं. त्याच्या आजोबांचं नाव आंतोनिओ. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. पहिला मुलगा झाला तर त्यांचंच नाव, हे त्या घरात कुणी ठरवलंही नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर प्रश्न एकट्या आईचा नव्हता. मलाही आतून खुपत होतं. आडनाव तिकडचं, ते ठीक, लेकीच्या मुलाचं आडनाव आपल्याकडेही तिकडचंच असतं. पण नावही तिकडचंच? मग आमचं काय? बाळाचं नाव ठेवायच्या दिवसांत मी मनातल्या मनात नावं ठेवत बसले होते.

आईला म्हटलं, ‘शोधून सांगते.’ आणि खरंच शोधायला बसले.

गावाचंच नाव

गंमत म्हणजे तीस वर्षं मी या नावाच्या गावात राहते आहे. पत्ता लिहिताना, बिलं भरताना, विमानाचं तिकीट काढताना ते नाव हजारो वेळा लिहिलं, पण ते एका माणसाचं नाव आहे हे कधी मनातच आलं नव्हतं. पुणं, नाशिक म्हणावं तसं सॅन अँटोनियो.

हे गाव ज्या नदीकाठी आहे तिथे पूर्वी पायाया नावाचे मूळ रहिवासी राहत. त्यांच्या भाषेत या जागेला ‘यानाग्वाना’ म्हणत. १६९१ मध्ये स्पॅनिश लोकांची एक तुकडी इथे पोचली. तो दिवस होता १३ जून, म्हणजे पादुआच्या संत आंतोनिओचा सण. झालं, जागेला त्याचं नाव मिळालं. आपल्याकडे एकादशीला जन्मलेल्या मुलाचं नाव विठ्ठल ठेवावं, तसंच हे. पुढे १७१८ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनी इथे मिशन बांधलं, ‘सान आंतोनिओ दे व्हालेरो’. आज सगळं जग त्याला ‘अलामो’ म्हणून ओळखतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना पहिल्यांदा तिथेच नेतो. १८३६ मध्ये तिथे प्रसिद्ध लढाई झाली. आत कोंडलेल्या टेक्सासच्या लोकांवर चालून आलेला मेक्सिकोचा सेनापती होता आंतोनिओ लोपेझ दे सांता आना. म्हणजे वेढा पडलेल्या जागेचं नाव आंतोनिओ आणि वेढा घालणाऱ्याचंही आंतोनिओ!

२०२०च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १४ लाखांच्या वर होती, अमेरिकेत सातवा क्रमांक. एवढं मोठं नाव रोज कोण घेणार? म्हणून कुणी ‘एस. ए.’ म्हणतं, जुनी गोरी मंडळी ‘सॅन अँटोन’ म्हणतात, वेस्ट साइडची पोरं ‘सान आन्तो’ म्हणतात. अस्सल इथली म्हणून काही गोष्ट दाखवायची असेल तर ‘पुरो सॅन अँटोनियो’ म्हणायचं. ‘पक्कं पुणेरी’सारखं.

मूळचं आडनाव

पण संतालाही ते नाव कुठून तरी मिळालंच असणार. मागे मागे जात मी थेट रोमला पोचले.

‘अँटोनियस’ हे मूळचं नाव नव्हेच, ते आडनाव. रोमन माणसाचं नाव साधारण तीन भागांचं असे. पहिलं स्वतःचं, दुसरं कुळाचं, तिसरं त्या कुळातल्या शाखेचं. मात्र सगळ्यांनाच तिसरं नाव असे असं नाही. क्लिओपात्रामुळे आपल्याला माहीत असलेला मार्क अँटनी म्हणजे मार्कस अँटोनियस. मार्कस त्याचं, अँटोनियस कुळाचं. त्याच्या वडिलांचं नाव मार्कस, आजोबांचंही मार्कस. घराण्यात तेच नाव फिरत राहायचं. स्वतःची अशी पहिली नावं रोमन लोकांकडे फार नव्हतीच, नेहमीच्या वापरातली दीड-दोन डझन असतील.

मुलींची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मुलींना बहुधा स्वतःचं वेगळं नावच नसे. कुळाच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप, की झालं नाव. मार्क अँटनीला ऑक्टेव्हियापासून दोन मुली झाल्या, दोघींचं नाव अँटोनिया. एक थोरली, एक धाकटी, बस्स. त्यातली धाकटी अँटोनिया पुढे सम्राट क्लॉडियसची आई झाली. हे वाचून मला हसू आलं, मग नाही आलं. लग्नानंतर माझ्या आजीचं माहेरचं नाव इतकं पुसलं गेलं होतं की ते आम्हा नातवंडांना ती गेल्यावर कळलं.

मार्क अँटनी हरला, इसवी सनपूर्व ३० मध्ये त्यानं आत्महत्या केली. त्याचे पुतळे उतरवले गेले. प्लुटार्क नावाचा जुना चरित्रकार लिहितो की रोमच्या सिनेटनं ठरावच केला, यापुढे अँटोनियस कुळात कुणाचंही नाव मार्कस ठेवायचं नाही. नावावर बंदी! माणूस मेला तरी नावाची भीती वाटत होती म्हणायची.

पण कुळाचं नाव काही मेलं नाही. त्याचं एक कारण आपल्यासारख्या परदेशात स्थायिक झालेल्यांना चटकन कळेल. रोमचं नागरिकत्व ज्याला मिळे तो बहुतेकदा ते मिळवून देणाऱ्याचं कुलनाम घेई. गुलाम मुक्त झाला की मालकाचं कुलनाम लावी. त्यामुळे रोमन कुळांची नावं ज्यांनी रोम कधी डोळ्यांनी पाहिलं नाही अशा लोकांनाही चिकटली. आजही अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या अर्जात ‘नाव बदलायचं आहे का’ असा प्रश्न असतो. मी तिथे ‘नाही’ लिहिलं होतं. माझ्या नावात एक जोडाक्षर आहे. तीस वर्षांत ऑफिसात ते कुणालाही धड उच्चारता आलेलं नाही, पहिल्या दोन अक्षरांवर सगळे भागवतात. तरी कागदावर पूर्ण राहू दे म्हटलं.

मग अर्थ काय?

आता आईच्या प्रश्नाकडे येते. अँटोनियसचा अर्थ काय?

बाळांच्या नावांची पुस्तकं उघडली तर एकात ‘अमूल्य’, दुसऱ्यात ‘फूल’. मी खूश झाले. आईला सांगायला ‘अमूल्य’ फारच छान. पण भाषेचे अभ्यासक दोन्ही अर्थांना मान देत नाहीत. त्यांच्या मते हे नाव बहुधा लॅटिनच्याही आधीचं आहे, रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांकडून आलेलं, आणि त्याचा मूळ अर्थ हरवलेला आहे.

गंमत अशी, की अर्थ नसणं कुणालाच सहन होत नाही. खुद्द रोमनांनाही झालं नाही. अँटोनियस घराणं सांगत असे की हर्क्युलीसला अँटोन नावाचा मुलगा होता, आम्ही त्याचे वंशज. प्लुटार्क म्हणतो, मार्क अँटनी अंगानं धिप्पाड होता आणि आपण हर्क्युलीससारखे दिसतो हे लोकांच्या नजरेत भरावं म्हणून तसा पोशाखही करायचा. 

इंग्रजांनी काय केलं? त्यांच्या विद्वानांना वाटलं, हे नाव ग्रीक भाषेतल्या ‘अँथॉस’ म्हणजे फूल या शब्दावरून आलं असणार. म्हणून त्यांनी स्पेलिंगमध्ये ‘टी’नंतर एक ‘एच’ घुसवला. चुकीच्या समजुतीतून आलेला तो ‘एच’ आज जगभर आहे. इंग्लंडमध्ये बरेच जण तो लिहितात पण उच्चारत नाहीत, ‘अँटनी’च म्हणतात. अमेरिकेत लिहितात म्हणून उच्चारतातही, ‘अँथनी’. आणि आपण मराठीत दोन्ही म्हणतो, रोमच्या राजकारण्याला अँटनी आणि सिनेमातल्या हिरोला अँथनी!

आईला एवढं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे अर्थ नाहीच म्हण ना सरळ.’

दोन संत आणि हरवलेल्या वस्तू

राजकारणात बदनाम झालेलं नाव घराघरांत पोचवलं ते संतांनी. पहिला आंतोनिओ इजिप्तचा. तिसऱ्या-चौथ्या शतकातला. वडिलार्जित जमीन विकली, पैसे गरिबांना वाटले आणि वाळवंटात एकांतात जाऊन राहिला. १७ जानेवारी हा त्याचा दिवस. त्या दिवशी मेक्सिकोत लोक गाई-बैल, कुत्री-मांजरं, कोंबड्या, सगळं घेऊन चर्चच्या दारात उभे असतात, जनावरांना आशीर्वाद मिळावा म्हणून. विहीणबाई हे सांगत होत्या तेव्हा मला आपला पोळा आठवला.

दुसरा संत आमच्या गावाला नाव देणारा. तो जन्मला पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात, साधारण ११९५ मध्ये, आणि त्याचं नाव होतं फर्नांदो. १२२० मध्ये तो फ्रान्सिस्कन पंथात गेला. जिथे गेला तो मठ इजिप्तच्या आंतोनिओच्या नावाचा होता, म्हणून यानंही तेच नाव घेतलं. आपल्याकडे नारायण ठोसरांचे रामदास झाले, तसा फर्नांदोचा आंतोनिओ झाला. १३ जून १२३१ रोजी इटलीत पादुआजवळ वारला आणि वर्षही पुरं व्हायच्या आत चर्चनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. लिस्बनचे लोक तो आमचा म्हणतात, पादुआचे लोक आमचा. लिस्बनमध्ये जूनच्या त्या दिवसांत गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, म्हणजे आपल्या तारलीच्या जातीची मासळी.

या संताचं रोजच्या आयुष्यातलं मुख्य काम म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधून देणं. त्याचं प्रार्थनेचं पुस्तक मठातल्या एका नवशिक्यानं पळवलं होतं, ते परत मिळालं, अशी कथा आहे. तेव्हापासून किल्ली, चष्मा, अंगठी, काहीही हरवलं की लोक त्याचं नाव घेतात. विहीणबाईंनी हे सांगितल्यावर मी म्हटलं, अहो, आमच्याकडेही आहे! आमची आजी काही सापडेनासं झालं की कार्तवीर्यार्जुनाचं नाव घ्यायची, आणि वस्तू सापडायचीसुद्धा. विहीणबाईंनी लगेच कागद-पेन आणून ते नाव लिहून घेतलं. ‘एक संत कामात असला तर दुसरा बरा,’ म्हणाल्या.

आणखी एक काम त्याच्याकडे आहे, लग्न जुळवण्याचं. मेक्सिकोत लग्नाळू मुली संत आंतोनिओची छोटी मूर्ती उलटी करून ठेवतात, डोकं खाली, पाय वर. चांगला मुलगा मिळाला की मगच सरळ करायची. इतर कुणाला हा देवाचा अपमान वाटेल. पण ज्या भाषेत ‘देव पाण्यात घालून बसणं’ हा वाक्प्रचार आहे, त्या भाषेतल्या माणसाला यात नवल काय? संकट टळेपर्यंत आपणही देवाला पाण्यातच ठेवत होतो की! आपल्या माणसाला वेठीला धरावं, तसं.

वसईचा आंतोन

एवढं सगळं झाल्यावर आईच म्हणाली, ‘अगं, पण हे नाव आपल्याला नवं आहे का?’

खरंच की. मी वसईत वाढलेली बाई, आणि रोमला जाऊन आले तरी वसई आठवली नाही! १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत वसई पोर्तुगिजांकडे होती. किल्ल्यात पडझड झालेल्या चर्चच्या भिंती आहेत, त्यांतलं एक फ्रान्सिस्कन साधूंनी बांधलेलं, संत आंतोनिओच्याच नावाचं. त्याच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या फरश्या आहेत. शाळेच्या सहलीला गेलो की आम्ही त्यांच्यावरून लंगडी घालायचो आणि बाईंचा ओरडा खायचो. त्याच पंथाच्या साधूंनी समुद्रापलीकडे टेक्सासमध्ये त्याच संताच्या नावानं मिशन बांधलं, आणि मी लंगडी संपवून थेट तिथे येऊन राहिले.

वसईच्या वाड्यांत, गोव्यात, मुंबईच्या गावठाणांत अँथनी आणि आंतोन पुष्कळ. मंगळवार हा त्या संताचा वार, म्हणजे आपल्याकडे देवीचा आणि गणपतीचा तोच त्याचा. गोव्यात तर त्याला नोकरीही होती. जुन्या गोव्यातल्या सेंट अँथनी चॅपेलमधल्या मूर्तीला पोर्तुगीज सैन्यात कॅप्टनचा हुद्दा होता आणि त्याचा पगार चॅपेलला मिळत असे, असं सांगतात.

आणि ज्यानं वसई-गोवा काहीच पाहिलेलं नाही त्याला हे नाव ‘अमर अकबर अँथनी’नं शिकवलं. १९७७चा सिनेमा. ताटातूट झालेल्या भावांतला मधला पाद्र्याच्या घरी वाढतो म्हणून अँथनी होतो. त्यातल्या गाण्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव मात्र खऱ्या माणसाचं. मूळचे गोव्याचे, मुंबईच्या सिनेसंगीतातले मोठे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते, ते नाव म्हणजे शिष्यानं गुरूला केलेला नमस्कार. सबंध देशानं ते नाव गंमत म्हणून गुणगुणलं.

आईचा आंतोन मात्र वेगळा. आमच्या शेजारच्या केळीच्या वाडीतला. ‘तुझ्या वेळी मला दवाखान्यात न्यायला बैलगाडी कुणी जुंपली होती? भर पावसात, रात्री दोन वाजता?’ आई म्हणाली. ‘आंतोननंच ना!’ ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण त्या आंतोनाचा आणि या आंतोनिओचा संबंध माझ्या डोक्यात कधी जुळलाच नव्हता. आईच्या डोक्यात तो जुळला आणि तिचा आवाज बदलला.

टोनी, तोन्यो, तोन्यितो

मूळ नाव एक, पण रोजच्या हाकेत त्याचं काय काय होतं बघा. फ्रेंचांचा आंत्वान, जर्मन-रशियनांचा आंतोन, पोलिश लोकांचा आंतोनी आणि लाडाचा आंतेक, हंगेरीत आंताल. संगीतातला विवाल्दी आंतोनिओ, द्वोर्झाक आंतोनीन. लेखक चेखव आंतोन, बार्सिलोनातली चर्च बांधणारा गाउदी आंतोनी. मारी आंत्वानेत हेही याच नावाचं बाईचं रूप. इंग्लंड-अमेरिकेत टोनी. आणि मेक्सिकन घरात आंतोनिओचा होतो तोन्यो, लाडानं तोन्यितो.

जावयाच्या आजोबांना घरात ‘तोन्यो’ म्हणत. बाहेर मात्र ते आयुष्यभर ‘टोनी’ होते, आणि ते त्यांनी स्वतः निवडलेलं नव्हतं. शाळेच्या पहिल्याच दिवशी मास्तरीणबाईंनी हजेरीत ‘आंतोनिओ’ खोडून ‘टोनी’ लिहिलं. त्या काळात टेक्सासच्या शाळांत मेक्सिकन मुलांनी वर्गात स्पॅनिश बोललं तर शिक्षा व्हायची. तेव्हा नावाचं काय घेऊन बसलात! पुढे हवाई दलाच्या तळावर विमानांचे मेकॅनिक म्हणून त्यांनी तीसेक वर्षं काढली. छातीवरच्या पट्टीवर टोनी, निवृत्तीच्या ढालीवरही टोनी.

हे मला जावयानं सांगितलं, बाळ तीन दिवसांचं असताना, हॉस्पिटलच्या गाडी लावायच्या जागेत. तो म्हणाला, ‘माझ्या मुलाला कुणी टोनी म्हटलेलं मला चालणार नाही. पूर्ण म्हणायचं.’ मी काहीच बोलले नाही. माझं जोडाक्षर मला आठवत होतं.

त्या रात्री मी लेकीला म्हटलं, ‘नाव छान आहे.’ लेक माझ्याकडे बघत राहिली. मी नावं ठेवते आहे हे तिला कळत होतं तर!

आणि खरं म्हणजे आजोबांचं नाव नातवाला, ही आपलीच रीत. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. पण त्यांना सगळे ओळखतात नानासाहेब म्हणून. आपल्याकडे घरोघरी हेच असायचं. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, मग त्याच नावाच्या पोराला हाक कशी मारायची? म्हणून नाव कागदावर राहायचं आणि पोराचा व्हायचा बाळ, नाना, अप्पा. जावयाच्या आजीचंही तेच चाललं होतं. नवऱ्याचं नाव पणतवाला दिलं, पण तोंडातून ते निघता निघेना. डोळ्यांत पाणी यायचं. तीही ‘तोन्यितो’वर आली.

बारसं

बाराव्या दिवशी बारसं केलं. चर्चमधला बाप्तिस्मा त्यांच्या रीतीनं पुढे होईल. पाळणा भाड्यानं मिळेना, तेव्हा व्याह्यांनी गॅरेजमधल्या लाकडाचा दोन दिवसांत ठोकून दिला. घुगऱ्या मी केल्या. विहीणबाईंनी त्या चाखून पाहिल्या आणि वर लिंबू पिळून, मिरची चिरून घालून मोठ्या पातेलंभर संपवायला मदत केली.

आत्या हवी नाव ठेवायला. आत्या म्हणजे बाळाच्या बापाची बहीण, म्हणजे जावयाची बहीण. तिला सकाळीच तालीम दिली होती, आधी कानात हळूच नाव सांगायचं, मग ‘कुर्रर्र’. तिनं नाव अगदी पूर्ण सांगितलं, आंतोनिओ, एकही अक्षर न गाळता. पण ‘कुर्रर्र’ असं काही जोरदार केलं की बाळानं भोकाड पसरलं. स्पॅनिश लोकांचा ‘र’ आपल्यापेक्षा लांब चालतो हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

आई टॅबलेटवर वसईहून बघत होती. नऊवारी नेसून, दारात रांगोळी घालून बसली होती. म्हणाली, ‘मी काय म्हणणार याला, ते मी ठरवलंय. अंतू.’

‘अंतू?’

‘अनंताचा अंतू होतो ना? मग आंतोनिओचा का नाही होणार? आणि अनंत म्हणजे ज्याला अंत नाही. मिटलं की नाही?’

आता अनंत आणि अँटोनियस यांचा भाषेच्या दृष्टीनं काडीचाही संबंध नाही, हे मला एव्हाना चांगलंच माहीत होतं. पण रोमनांनी हर्क्युलीस आणला, इंग्रजांनी फूल आणलं, तर वसईच्या शहाऐंशी वर्षांच्या पणजीनं अनंत आणला म्हणून मी कुठे तिला दुरुस्त करायला जाऊ? तिनं आपली जुनी डायरी काढली. तिच्यात आम्हा सगळ्या भावंडांच्या, नातवंडांच्या जन्मवेळा लिहिलेल्या आहेत. ‘सावकाश सांग गं, नि ला पहिली का दुसरी?’ मी म्हटलं, ‘पहिली.’ चष्मा वर करून तिनं लिहिलं आणि वही कॅमेऱ्यासमोर धरली. आंतोनिओ. पुढे कंसात अंतू.

इकडे खुर्चीत बसलेल्या जावयाच्या आजीनं माझा हात ओढला. तिला मराठी येत नाही, मला स्पॅनिश तुटकच येतं. पण तो प्रश्न कुठल्याही भाषेत कळला असता.

‘आन्तू म्हणजे काय गं?’ ती विचारत होती.

मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, ज्याला शेवट नाही तो. तिनं मान हलवली, पाळण्यावर वाकली आणि दोनदा म्हणून पाहिलं, ‘आन्तू, आन्तू.’